रस्ता न ओलांडणाऱ्यांची मोजणी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढंच वाकून). इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, तिकडचं क्षेम कळावं.

नगरसेविका होऊन मला चौदा महिने झाले आणि परवा फोनवर तू विचारलंस की तू तिथं दिवसभर नेमकं करतेस काय. मी म्हटलं, कामं असतात. शाळेत एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. म्हणून नीट लिहितेय.

दर वर्षी आम्हाला वॉर्डाचा प्राधान्यक्रम कळवावा लागतो, म्हणजे कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर. मला वाटलं, लोकांनाच विचारावं. घरोघरी कागद वाटले. तीनशेच्या वर परत आले. कुणाला कचऱ्याची गाडी उशिरा हवी होती, कुणाला लवकर (दोघं एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात). एकानं फक्त ‘शेजाऱ्याला समज द्यावी’ एवढंच लिहिलं, शेजारी कोण ते लिहिलं नाही. एका कागदावर ‘नगरसेविकेनं घरी जेवायला वेळेवर यावं’ अशी मागणी होती. अक्षर तुझ्या मेहुण्यांचं होतं. पण सगळ्यांत जास्त लोकांनी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे मोठा रस्ता ओलांडायला पट्टे आणि सिग्नल. हा रस्ता दोन वर्षांपूर्वी रुंद केला. आधी या फुटपाथवरून त्या फुटपाथवरच्या माणसाशी बोलता यायचं. आता हात केला तरी तो आपल्यालाच केलाय का, याची खात्री नसते.

मी रस्ते विभागाच्या अभियंत्यांकडे गेले. गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांच्या तोंडात ‘निकष’ हा शब्द इतक्यांदा येतो की आमच्या कचेरीत त्यांना निकषसाहेबच म्हणतात. ते म्हणाले, “मॅडम, तासाला दोनशे माणसं ओलांडत असतील तर पट्टे. नसतील तर नाही.” मी म्हटलं, मग मोजते. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला कुणी मोजायला सांगावं आणि तिनं नाही म्हणावं, असं होत नाही.

घडीची खुर्ची, वही आणि पेन्सिल घेऊन तीन दिवस सकाळी आठ ते नऊ मी केशकर्तनालयाच्या दारात बसले. पहिल्या दिवशी एकसष्ट. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी दोनशे सदतीस. मला आनंद व्हायला हवा होता, पण झालं असं की मी कशासाठी बसलेय याची बातमी फुटली होती आणि जो तो उगाचच रस्ता ओलांडत होता. दुकानाचे मालक स्वतः सात वेळा ओलांडून आले, आणि अर्ध्या गालाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकालाही एकदा नेऊन आणलं (तो बिचारा मधल्या दुभाजकावर अडकला आणि साबण वाळला). कॉपी केलेल्या पेपरांवर जन्मभर लाल रेघा मारलेली मी, संध्याकाळी बसून त्या सगळ्या खोट्या नोंदी खोडल्या. चौसष्ट उरले.

मालक रागावले. “बाई, माणूस रस्ता ओलांडून गेला की नाही?”

“तुम्ही सात वेळा गेलात.”

“मग मी सातही वेळा माणूसच होतो.”

मी वही मिटली. मालक कंगवे पुसायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, की गिऱ्हाइकं तर अशीच आटलीत. समोरच्या इमारतीतले घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करायचे ते, तीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे. दोन वर्षं झाली, फिरकले नाहीत. “माझाच काही शब्द लागला असेल. शेवटच्या वेळी मी त्यांच्या टकलाबद्दल बोललो होतो. त्यांनी दुसरा कुणी धरला.” पन्नाशीचा माणूस, पण आवाज असा की मैत्रिणीनं डबा खायला सोबत घेतलं नाही म्हणून मधल्या सुट्टीत एकटी बसलेली मुलगी असते ना, तसा.

मी समोर गेले. (नऊ मिनिटं लागली. वहीत नोंद आहे.) घड्याळजींनी दार उघडलं आणि क्षणभर मला वाटलं, चुकीच्या घरी आले. टक्कल जिथल्या तिथं होतं, पण कडेचे पांढरे केस खांद्यापर्यंत आले होते आणि मागे रबरानं बांधलेले होते. दुसरा न्हावी कुठला नि काय. चार रविवार ते फुटपाथच्या कडेपर्यंत गेले होते आणि परत आले होते. पाचव्या रविवारी निघालेच नाहीत. मला म्हणाले, “गाड्यांचा वेग मला कळतो, बाई. जन्म काटे बघण्यात गेला. माझा वेग मला कळत नाही.”

ताई, मी जिन्यातच वही उघडून बसले. तीन सकाळी मी समजत होते की गरज किती आहे ते मी मोजतेय. मी मोजत होते ते धडधाकट पाय. ज्यांना पट्टे सगळ्यांत जास्त हवेत ते त्या खुर्चीवरून दिसणारच नव्हते, कारण ते घरात होते. मग पुढचे तीन दिवस मी त्याच बाजूच्या चार इमारतींमध्ये दारं वाजवली आणि एकच प्रश्न विचारला, शेवटचं कधी ओलांडलात. चौऱ्याण्णव माणसं निघाली, ज्यांनी वर्षभरात एकदाही रस्ता ओलांडला नव्हता. एक बाई समोरच्या दवाखान्यात जायला टॅक्सी करतात. टॅक्सी पुढच्या चौकातून वळून त्यांना बरोबर समोर आणून सोडते, आणि त्या उतरून आपल्याच गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघतात. बहुतेकांनी आधी ‘आम्हाला काही अडचण नाही’ असंच सांगितलं.

निकषसाहेबांनी वही नीट वाचली आणि म्हणाले, न ओलांडणाऱ्यांसाठी आमच्या तक्त्यात रकानाच नाही. मी म्हटलं, पट्टी देते, आखा. ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना घड्याळजींच्या शेजारी कडेला उभं केलं. निकषसाहेबांनी त्यांचा कोपर धरला. सहा मिनिटं दोघं तसेच उभे होते. मग साहेबांनी कोपर न सोडताच मला सांगितलं, “विशेष बाब म्हणून पाठवतो.”

पालिकेच्या सभेत ते एका मताच्या फरकानं मंजूर झालं. ते एक मत ज्या सदस्याचं, त्यांना डुलकी लागली होती आणि खिडकी बंद करा म्हणून त्यांनी हात वर केला होता. (लोकशाहीवरचा माझा विश्वास त्या दिवशी वाढला की घटला, अजून ठरत नाही.) पट्टे आधी फाटक नसलेल्या एका भिंतीसमोर रंगवले गेले. ते पुसून योग्य जागी आणायला आणखी तीन आठवडे गेले.

मागच्या रविवारी घड्याळजी माझ्यासोबत निघाले. सिग्नल वीस सेकंदांचा, त्यांना लागली चौतीस. उरलेली चौदा सेकंदं केशकर्तनालयाचे मालक खांद्यावर टॉवेल टाकून, हात आडवा करून रस्त्याच्या मध्ये उभे होते, आणि एकाही गाडीनं हॉर्न वाजवला नाही. दुकानात त्यांनी खुर्ची दोनदा झटकली. मग विचारलं, “कसे कापू?”

“नेहमीसारखे.”

मी बाहेर येऊन चाळीस सेकंदांच्या सिग्नलसाठी अर्ज लिहायला घेतला. तर ताई, मी दिवसभर हे करते.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत वॉर्डाच्या माहितीपत्रकाचा मसुदा आहे. यातलं काहीच त्यात नाही, फक्त ‘नागरिकांच्या सोयीसाठी पादचारी पट्टे’ एवढी ओळ आहे. शुद्धलेखन तपासून दे. माझे ऱ्हस्व-दीर्घ तुला माहीत आहेत.

आणखी ता. क. मसुदा हे निमित्त आहे, तो छापूनही झाला. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मला फोन आला होता. जिना उतरून तुला किती दिवस झाले? त्या म्हणतात पाच महिने. तू मला दर आठवड्याला बागेत फिरून आल्याचं सांगत होतीस, आणि मी ते ऐकून फोन ठेवत होते. यात तुझ्यापेक्षा माझी चूक जास्त आहे. उत्तर लिहू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय, दोन आठवड्यांचे कपडे घेऊन. पहिल्या दिवशी आपण फक्त चार पायऱ्या उतरू, तिथंच बसू, आणि परत वर येऊ.