घराच्या पुढे गेलेला धागा

मरीन परेड, सिंगापूर
९ ऑक्टोबर २०१६

प्रिय मनोहर,

समोर 'अहो' म्हणते आणि पत्रात नाव घेतेय. रागवायचं असेल तर इथूनच सुरुवात करा. बावीस तारखेचं तिकीट मिळालं. मला न विचारता काढलंत, आणि वर लिहिलंत की दिवाळीच्या फराळाला वेळेवर पोहोचशील. फोनवर यावर बोलणं जमलं नसतं. मी दोन वाक्यं बोलले की तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता, म्हणून लिहायला बसले.

इरा आता शाळेच्या बसने एकटी जाते. मी खाली सोडायला निघाले की, आजी, काही गरज नाही, असं इंग्रजीत, इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' लावून ठणकावते. प्रबोध आणि अपूर्वा कामावर गेले की दिवस माझा. तो मी इथल्या वाचनालयात घालवते. आम्ही काही म्हातारी मंडळी मिळून तिथे एक नकाशा करतोय. प्राचीन ग्रीक महाकाव्यातला एक राजा युद्ध संपवून जहाजाने घरी निघाला आणि घरी पोहोचायला त्याला दहा वर्षं लागली, त्या प्रवासाचा. भिंतभर कापड, त्यावर भूमध्य समुद्र, टाचण्या आणि लोकरीचा धागा. त्यातली खरी बेटं किती आणि कवीच्या डोक्यातली किती, यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही, तर आमचं काय जमणार! पण भांडतो मात्र मन लावून.

आमचे म्होरके कॅप्टन कोह. सगळं आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. काव्यात इतके दिवस वारा पाठीशी होता असं आलं की ते जहाजाच्या वेगावरून अंतर काढतात, आणि दिशा, वारे, किनारे मी बघते. जन्मभर पोरांना भूगोल शिकवला तो असा कामाला आला. तर राजा जिथे जिथे थांबला, तिथे सगळीकडे यांनी लाल टाचणी लावून ठेवली होती. लाल म्हणजे अडकला. मी पानं उलटून दाखवलं, की एका बेटावर त्याला खरंच धरून ठेवलं होतं, तो किनाऱ्यावर बसून रडायचा. तिथे लाल ठीक. पण जादूगारणीच्या बेटावर तो वर्षभर खाऊनपिऊन मजेत राहिला, आणि शेवटी खलाशांनाच त्याला घराची आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कोण अडवत होतं त्याला? कॅप्टन म्हणाले, खलाशी नेहमी घरीच निघालेला असतो. मी म्हटलं, हे तुम्ही बायकोला सांगत असाल. सगळे हसले, तेही हसले, आणि मी तिथे हिरवी टाचणी लावली.

त्याच संध्याकाळी आपल्या शेजारच्या सुलेखाचा फोन आला. तुम्ही सोसायटीत सांगताय म्हणे, वसुधा नातीपायी तिकडे अडकलीय. आणि लोक तुमचं कौतुक करतात, की किती महिने एकटे राहतात, स्वतः कुकर लावतात, पण तक्रार नाही. मनोहर, तुम्ही वर्षानुवर्षं धरणांच्या कामावर गावोगाव होतात. घर, प्रबोध, तुमच्या आईचं आजारपण आणि माझी शाळा, सगळं मी ओढलं. साहेब कधी येणार असं कुणी विचारलं की हसून वेळ मारून न्यायची. तेव्हा माझं कौतुक करायला सोसायटी गोळा झाली नव्हती. मला त्याचा राग होता, अजून आहे, आणि या वयात तो मी गिळणार नाही. तुमची आठवण येत नाही असं समजू नका. फार येते, विशेषतः कुणी काही मूर्खासारखं बोललं आणि ते सांगायला तुम्ही जवळ नसलात की. पण मी इथे अडकलेली नाही. मला आवडतंय म्हणून राहिलेय. हे लोकांना सांगायला कमीपणा वाटत असेल, तर तो तुमचा तुम्ही निस्तरा.

या राजाच्या प्रवासाचे सगळे नकाशे त्याच्या घरी संपतात. आमचाही संपला होता. पण काव्यात पाताळातला एक भविष्यवेत्ता त्याला सांगतो, की घरी पोहोचलास तरी तुला पुन्हा निघायचंय. खांद्यावर वल्हं घेऊन आत आत चालत जा, जिथल्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही आणि जे त्या वल्ह्याला धान्य उफणायचं अवजार समजतील, तिथपर्यंत. हा रस्ता कुणी काढत नाही. मी काढला. घरापासून धागा पुढे नेला आणि कापडाच्या कडेबाहेर सोडून दिला. आता पत्राचं खरं कारण. बावीसचं तिकीट मी रद्द करायला लावलं आहे. प्रबोधने केलं, पण बाबांना तूच सांग म्हणाला. फराळ विकत आणा. नोव्हेंबरात आमचा नकाशा वाचनालयात लागेल, जानेवारीत मी माझ्या तिकिटाने घरी येईन, आणि एप्रिलमध्ये या मंडळींबरोबर ती बेटं बघायला ग्रीसला जाईन. माझं नाव देऊन झालं आहे. तुमचं दिलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचं तिकीट मी काढणार नाही. येणार का, ते कळवा.

तुमचीच,
वसुधा