हिल्मर पाण्यात, केटली खिडकीत

तळ्याकाठून, सोमवार सकाळ

आदरणीय मार्गिटताई,

आर्डिसचा सप्रेम आणि या खेपेला जरा खालमानेनं नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डुलुथला अजून सकाळी स्वेटर लागतो का? इकडे सगळं ठीक आहे. (म्हणजे आपल्या नॉर्वेजियन लोकांत माणसाचा अंगठा करवतीत गेला तरी "बरंय तसं, याहून वाईट होऊ शकलं असतं" म्हणतात, तितपत ठीक.) रुबार्ब यंदा नुसता माजलाय. त्याच्या आंबट देठांचा मुरंबा केलाय, तुमच्यासाठी दोन बरण्या बाजूला ठेवल्यात.

तुमचे बंधू, म्हणजे आमचा हिल्मर, काल चर्चहून परस्पर तुमच्याकडे आला तो "मार्गिटचं छत बघून येतो" असं चर्चच्या दारात कुणालातरी सांगून. तुमचं छत नवंकोरं आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत आणि त्यालाही माहीत. तेव्हा तो तुमच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत, खिडकीबाहेर बघत, काही न बोलता बसला असणार. तुम्ही विचारलंत तर "काही नाही गं" म्हणाला असणार. तर ते 'काही नाही' काय आहे ते मीच सांगते. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा ते बरं. (आमच्या चर्चमधल्या ल्यूएला एकब्लाडची चुलतबहीण तुमच्याच गल्लीत राहते हे मी विसरलेले नाही.)

आमच्या गुरुवारच्या शर्यतीबद्दल तुम्ही ऐकून आहातच. शर्यत म्हणायचं आपलं. जेवणं उरकली की ज्याला वाटेल त्यानं आपली शिडाची होडी काढायची, पाद्री हॉलवर्सन धक्क्यावर उभे राहून पातेलं बडवतात, की सुटायचं. बेटापाशी एक लाल पिंप तरंगत ठेवलंय, त्याला वळसा घालून परत. नियम कुठलाच नाही. बक्षीस म्हणजे चर्चच्या तळघरातली एक पोचे आलेली केटली, ती आठवडाभर जिंकणाऱ्याच्या खिडकीत बसते. "खेळीमेळीनं चाललंय हो, कोण जिंकतं त्याचं कुणाला काय," असं सगळेच म्हणतात. ल्यूएला सगळ्यांत मोठ्यानं म्हणते, कारण केटली कायम तिच्याकडेच असते. आणि तिची खिडकी, ताई, नेमकी रस्त्यावर उघडते. मला दुधाला जाताना दिसते, चर्चला जाताना दिसते. एकब्लाडांच्या स्वीडिश घरातली केटली (तशी ती केटली नॉर्वेजियनच, आपल्याच लोकांनी चर्चला दिलेली) रोज आपल्याकडे बघून हसतेय असं वाटणं चांगलं नाही. पण वाटतं.

आमच्या होडीत सुकाणू हिल्मरच्या हातात आणि शिडाची दोरी माझ्या, हे लग्नापासून ठरलेलं. त्याचं आपलं चाललेलं, "सोड! ओढ! अगं, ती नव्हे! किती वेळा सांगायचं?" घरात हा माणूस मीठसुद्धा मागत नाही, हात लांब करून स्वतः घेतो, पण होडीत बसला की त्याच्या अंगात कोण संचारतं देव जाणे. मी कधी उलट बोलले नाही. बोलले नाही तेच बहुतेक साचत गेलं असावं.

गेल्या गुरुवारी त्याचं मनगट मुरगळलेलं, पन्हळीतली पानं काढताना शिडीवरून घसरला होता. मी म्हटलं, "आज नको जाऊ या." तर म्हणाला, "तू धर सुकाणू. मी सांगतो तसं कर. फक्त बुडवू नकोस म्हणजे झालं." हे तो धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत म्हणाला. ल्यूएलाचा नवरा मर्विन हसला. मर्विन स्वतः ल्यूएलाच्या परवानगीशिवाय शिंकत नाही, तो हसला!

आता पुढचं खरं खरं लिहिते. वारा छान होता. सुकाणू आणि दोरी दोन्ही माझ्याकडे; हिल्मर पुढे बसून सूचना करत होता, मी त्यांतल्या निम्म्या ऐकत होते आणि निम्म्या वाऱ्यावर सोडत होते, आणि गंमत म्हणजे होडी पळत होती. पिंपापाशी आलो तेव्हा पुढे फक्त ल्यूएला. मी वळायला घेतलं. वळताना शिडाचा आडवा दांडा या बाजूनं त्या बाजूला सपकन जातो, म्हणून "दांडा!" असं ओरडायचं असतं. मी ओरडले. पण मी किती चुकीची वळतेय ते दाखवायला हिल्मर नेमका तेव्हाच उभा राहिला होता. "अगं, अशी नव्हे, अ—" एवढंच ऐकू आलं. मग एक मोठा डुबुक.

मी मागे वळून पाहिलं. तरंगायचं नारिंगी जाकीट होतं अंगात, डोकं वर होतं, टोपी शेजारी तरंगत होती. तो हात करून ओरडत होता, "फिरव! आर्डिस, फिरव!" तुमच्या भावाला पोहता येतं, पाणी जुलैचं, आजूबाजूला होड्या. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की होडी हलकी झालीय. ताई, ती उडत होती हो! आणि गप्प होती. लग्नापासून पहिल्यांदा त्या होडीत कुणी बोलत नव्हतं. मला इतका आनंद झाला की लिहिताना कान तापताहेत.

मी फिरवली नाही.

ल्यूएलानं फिरवली. पुढे होती, जिंकत होती, तरी डुबुक ऐकताक्षणी तिनं होडी वळवली आणि सरळ हिल्मरकडे नेली. मी तिच्या शेजारून पुढे गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी शिडाकडे पाहिलं.

पाद्रीबाबांनी पातेलं वाजवलं, पण एकदाच, तेही हळू. धक्क्यावर कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी "हं, बरं," म्हणालं. मी होडीची दोरी बांधायच्या निमित्तानं खाली बसले ती उठलेच नाही. मग ल्यूएलाची होडी आली. हिल्मर तिच्या फुलाफुलांच्या टॉवेलात गुंडाळलेला, हातात तिच्या थर्मासमधली कॉफी. ती उतरली आणि अगदी गोड म्हणाली, "अभिनंदन हं, आर्डिस. छान चालवलीस. पाणी काही फार गार नव्हतं, म्हणतो हिल्मर." मी केटली तिच्या पुढे केली, तर म्हणे, "छे, छे, नियम म्हणजे नियम." तीनदा दिली, तीनदा नको म्हणाली. मोठ्या मनाची बाई आहे, हे मी तिला कधीच माफ करणार नाही.

घरी आल्यावर मी हिल्मरला कोरडे मोजे दिले, ओव्हनमधलं बटाट्यांचं हॉटडिश गरम करून दिलं. त्यानं खाल्लं. पाकिटातल्या भिजलेल्या नोटा दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. मी म्हटलं, "चुकलंच माझं. मला वाटलं, तू पोहशील." त्यानं आणखी एक नोट चिमट्यात धरली. मग म्हणाला, "तू मागे वळून पाहिलंस, आर्डिस. पाहिलंच नसतंस तर मला काही वाटलं नसतं." बस, एवढंच. मी आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

काल चर्चमध्ये प्रवचन हरवलेल्या मेंढराचं. एक हरवलं म्हणून नव्याण्णव सोडून मागे फिरणाऱ्या मेंढपाळाचं. "चर्चच्या पंचांगात याच रविवारी हाच उतारा आहे," असं पाद्रीबाबांनी मला नंतर दोनदा बजावलं. पुढच्या बाकावर ल्यूएला मान हलवत होती. नंतर तळघरात कॉफीला सगळ्या बायका माझ्याशी नको इतक्या गोड वागल्या. आपल्याकडे माणूस गेल्यावर असं वागतात. बाहेर आले तर हिल्मरची गाडी नव्हती.

ताई, त्याला सांगा की मला लाज वाटते. मला समोर बोलता येत नाही, त्यालाही येत नाही, म्हणून तुम्ही सांगा. अंथरुणाची त्याची बाजू मी विस्कटलेली नाही. आणि त्याची टोपी सापडली, तळ्याच्या पल्याड बोरूच्या गवतात अडकली होती. मी काल संध्याकाळी काठाकाठानं शोधत गेले आणि कमरेभर पाण्यात उतरून काढली. पाणी गार होतं. बरंच गार होतं.

तुमची,
आर्डिस

ता. क. : "दांडा!" असं मी ओरडले हे वर लिहिलंय ते खरंच आहे. दांडा जाऊन पोचल्यावर ओरडले, एवढंच.

आणखी एक : त्याच्या गाडीच्या डिकीत, घोंगडीखाली, आमच्या होडीचं सुकाणू असेल. मी सहज होडीतलं पावसाचं पाणी उपसायला गेले तेव्हा कळलं की ते काढून नेलंय. तुमचे जावई बुधवारी इकडे येणारच आहेत, त्यांच्याबरोबर तेवढं आठवणीनं पाठवा. पत्र लिहायचं मुख्य कारण ते नव्हे, पण गुरुवारच्या आत मिळालं तर बरं. मुरंब्याच्या बरण्या परतीत त्यांच्याचबरोबर देते.

आणि शेवटचं : हवामानवाले गुरुवारी वारा जोराचा सांगताहेत. तसल्या वाऱ्यात होडी कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला चांगलं भारी वजन लागतं. तेव्हा हिल्मरलाही पाठवाच. (वारा पडणार असं कळलं, तर घाई नाही.)