मेलातीची पाच पिल्लं

शुक्रवार, ९ जुलै

मेली म्हणाला होता! पाचही मेली म्हणाला होता देरामान!

आणि आज त्यातलंच एक स्पर्धेच्या टेबलावर उभं होतं. छाती डोक्याच्या वर, मान मागे शेपटीला टेकलेली, पंख सरळ खाली. आणि डावा पाय उचलून थरथर! तो डावा पाय माझ्या पंगलिमाचा आहे. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सेरामा कोंबडा तसा पाय उचलत नाही. अठरा वर्षं आवांगने ही जात राखली. तो गेल्यावर सहा वर्षं मी राखते आहे. नवऱ्याने मागे ठेवलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती मला ओळखू येणार नाही?

देरामानचा कोंबडा पहिला. माझा पंगलिमा तिसरा. म्हातारा झालाय, मान्य. पण स्वतःच्या पोराकडून हरला आणि टाळ्या देरामानला!

हा देरामान सात वर्षं माझ्या ओट्यावर बसून शिकला. आला तेव्हा कोंबड्याला आंघोळ घालता येत नव्हती, कानात पाणी घालायचा. आज मोठा छाती काढून उभा होता, कोंबड्यापेक्षा जास्त.

शनिवार, १० जुलै

झोप नाही. विकायचा भात करपला, दोन गिऱ्हाइकं न खाता गेली.

गेल्या वर्षी पंगलिमाच्या जोडीची मेलाती त्याला पावहवर दिली. कोंबडी माझी, दाणापाणी त्याचं, पिल्लं निम्मी-निम्मी. पावहला कागद नसतो, शब्द असतो. रमजानात हा मान खाली घालून आला, ताई म्हणावं तसं ‘काक’ म्हणत. ‘काक पिनाह, पाच निघाली होती. पुरात पाचही गेली.’ मेलातीही त्याच पुरात गेली. आणि मी काय केलं? उलट त्याचीच समजूत काढली! रोजा सुटल्यावर पानात माशाचा मोठा तुकडा वाढला! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मंगळवार, १३ जुलै

कॉफीच्या टपरीवर गाठला. चारचौघांत, मुद्दाम. म्हटलं, ‘काय रे, मेलेली पिल्लं बक्षिसं घेतात वाटतं हल्ली?’

त्याने कप खाली ठेवला. ‘इथे नको, काक. मी घरी येतो. बसून बोलू.’

‘घरी कशाला? चोराला माझ्या घराचं दार उघडं नाही.’

चेहरा असा पडला त्याचा! उठून गेला. कॉफी अर्धी टाकून. परत येताना मी नारळाच्या वड्या घेतल्या, खूप दिवसांनी.

गुरुवार, १५ जुलै

आला होता. कुंपणाशी उभा राहून दोनदा ‘काक’ म्हणाला. मी आत चूल फुंकत बसले. उभा राहू दे उन्हात.

शुक्रवार, २३ जुलै

आज माझं नाक कापलं गेलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आज तालुक्याची स्पर्धा. देरामानचा कोंबडा टेबलावर चढायच्या आधी मी पंचांकडे गेले. पंच पोक लोह, आवांगचा जुना दोस्त. म्हटलं, त्याच्या शेपटीतली दोन पिसं चिकटवलेली आहेत. खरं सांगायचं तर मी पाहिली नव्हती. पण एवढी शेपटी आठ महिन्यांच्या कोंबड्याला? काहीतरी असणारच, असं मनाने घेतलं.

पोक लोहने सगळ्यांसमोर कोमट पाणी मागवलं. शेपटी बुडवली. चिकटवलेलं पीस पाण्यात सुटून येतं. सगळे वाकून बघत होते. एक पीस सुटेल तर शप्पथ! वर त्या मेल्याने ओल्या शेपटीनिशी टेबलावर चढून अशी छाती काढली की लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पोक लोह हळूच म्हणाला, ‘पिनाह, आवांग असता तर असं केलं नसतं.’

मेलेल्या नवऱ्याचं नाव कशाला मध्ये घ्यायचं? आणि देरामान! नुसता बघत राहिला माझ्याकडे. कीव येते तसा. ती कीव मी त्याच्या घशात घालीन.

रविवार, २५ जुलै

बाजारात कोळीण म्हणते, ‘काक, माझी मासळी पाण्यात बुडवून बघा हं! शेपट्या चिकटवल्यात की काय!’ सगळ्या फिदीफिदी.

देरामान, हे तुझ्या खाती.

बुधवार, ४ ऑगस्ट

त्याच्या कोंबड्याला काय काय करता येईल याचा विचार करते दिवसभर. खाण्यात काही घालणं नको, तो माझ्याच रक्ताचा आहे. मालकाला काही व्हायला हवं, कोंबड्याला नको. हे कसं जमवायचं ते सुचत नाही.

गुरुवार, १९ ऑगस्ट

नदीपलीकडच्या गावात कोंबड्या पटापट मरताहेत म्हणे. सकाळी धडधाकट, दुपारी उताण्या. साथ आहे. रेडिओवरही सांगितलं.

रविवार, २२ ऑगस्ट

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. तोंडाला फडकी, हातात मोजे. आमचं गाव त्यांच्या रेघेच्या आत येतं. रेघेच्या आतला एकही पक्षी जिवंत ठेवायचा नाही. कोंबडी, बदक, पोपट, काही नाही. घरोघरी मोजून गेले. माझे अकरा. मंगळवारी येणार.

म्हटलं, एकही आजारी नाही हो! बघा तरी! तो पोरगेला अधिकारी म्हणाला, ‘मावशी, आमच्या हातात नाही.’ त्याच्या हातात यादी होती.

मंगळवार, २४ ऑगस्ट

पहाटे उठून पंगलिमाला आंघोळ घातली. बाळाच्या शाम्पूने, स्पर्धेला घालते तशी. उन्हात सुकवला. मग टेबल बाहेर काढलं, त्याला वर उभा केला आणि चुटकी वाजवली. बघायला कुणी नव्हतं. तरी उभा राहिला! छाती वर, मान मागे, डावा पाय थरथर. म्हातारा झालाय म्हणून थोडा डुगडुगला. पुन्हा सावरला.

साडेदहाला आले. बाकीचे दहा त्यांनी धरले. पंगलिमाला मी स्वतः दिला. केवढासा तो, माझ्या ओंजळीत मावायचा. गोणीत गेला तेव्हा आवाजही केला नाही.

खुराड्यावर चुना टाकून गेले. मी जेवले नाही.

शनिवार, २८ ऑगस्ट

देरामानचे चौदा गेले म्हणतात. पण पहिल्या नंबरवाला त्यात नव्हता! ‘साथीच्या आधीच विकला’ असं यादीवाल्यांना सांगितलं म्हणे. विकला? जीव गेला तरी विकायचा नाही तो.

माझे अकराच्या अकरा गेले. त्याचा एक राहिला. तोही माझाच.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

सापडला!

मोक सोंगला भात द्यायला गेले होते. देरामानची आई ती. माझं भांडण पोराशी आहे, म्हातारीशी नाही. ती आत ताट आणायला वळली आणि मागच्या भाताच्या कोठारातून बांग आली. बारीक, टोकदार, मध्येच तुटलेली. सेरामाची बांग. कुणीतरी झटकन पोतं टाकल्यासारखी दबली.

मोक सोंग दारात ताट घेऊन थिजली. मी म्हटलं, ‘मिरची कमी घातलीय आज, तुमचं पोट दुखत होतं ना.’ हसले. घरापर्यंत हसत आले.

बुधवार, १ सप्टेंबर

दिवसभर स्वतःशी बोलते आहे. कायदा सगळ्यांना सारखा की नाही? साथ पसरली तर जबाबदार कोण? गावातल्या पोराबाळांना काही झालं तर?

उगाच! पोराबाळांसाठी नाही. इथे कुणाला फसवायचंय? शेपटी पाण्यात बुडवली तेव्हा तो बघत होता, त्यासाठी.

गुरुवार, २ सप्टेंबर

दुकानासमोरच्या फोनवरून केला. नाव सांगितलं नाही.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

नमाज आटोपून पुरुष परतायच्या आत गाडी आली. खिडकीतून सगळं दिसलं. तिघे सरळ मागे गेले, कोठार उघडलं. मोक सोंग पदराने तोंड दाबून उभी. देरामान धावत आला, एक चप्पल रस्त्यातच राहिली. अधिकाऱ्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं त्याने. गोणी बाहेर आली. मग पायरीवर बसला डोकं धरून. खांदे हलत होते.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. पंगलिमा गेल्यापासून पहिल्यांदा जेवण गेलं. दोनदा भात घेतला.

रविवार, ५ सप्टेंबर

सकाळी सवयीने दाण्याचं भांडं घेऊन खुराड्यापाशी गेले. चुना आणि मुंग्या. गावात एक बांग नाही. आवांगची जात संपली. तो शेवटचा होता, हे परवा फोन करताना डोक्यातच आलं नाही. कसं आलं नाही?

असो. त्याच्या नावाने मिरवण्यापेक्षा संपली ती बरी. बरीच.

सोमवार, ६ सप्टेंबर

दिवसभर तेच. बरी झाली, बरी झाली, असं मोठ्याने म्हणून पाहिलं.

शुक्रवार, १० सप्टेंबर

मोक सोंग आली. फडक्यात गुंडाळलेली तीन अंडी माझ्या मांडीवर ठेवली. करंगळीच्या दोन पेरांएवढी.

म्हणाली, ‘गोणीत दोन गेले गं. नर त्याचा, मादी तुझी. पाचातली तीन मेली, ही दोन तगून होती. चांगल्या पिल्लाचं तोंडाने नाव घेतात का आपल्यात? दृष्ट लागेल म्हणून मेली म्हणाला. स्पर्धा झाली की तुझा वाटा घेऊन येणार होता. तू दार उघडलं नाहीस. पण तुझी आहे म्हणून जिवापाड लपवली त्याने. ही तिचीच अंडी. भाताखाली होती, त्यांना दिसली नाहीत. म्हणाला, काककडे दे, उबवायची कशी ते तिलाच ठाऊक.’

जाताना दारात थांबली. ‘आणि म्हणाला, फोन कुणी केला ते काक पिनाहच शोधून काढेल. ती सोडायची नाही त्याला.’

‘शोधते,’ म्हटलं मी.