चौथा प्रश्न

१४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. मसाजच्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला, आता कुरकुरत नाही. देवदाराच्या तेलाची नवी बाटली आणलीय, पण अजून उघडलेली नाही.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला, तुझा टॉवेल माझ्याकडे राहिलाय म्हणून. बोलता बोलता म्हणाला, "ताई, चौथा महिना लागला, आता तिला जिने चढू देत नाही." मी नुसतं "हो का" म्हटलं. इतकी वर्षं लोकांच्या पाठी चोळतेय, आणि सख्ख्या बहिणीचं मला कळलं नाही!

सहा गुरुवार आलीस. कंबर धरलीय, झोप लागत नाही म्हणालीस. दर वेळी मसाजआधी भरायचं कार्ड मी पुढे केलं की हसायचीस, "अगं, मलाही कार्ड?" कार्डावरचा चौथा प्रश्न, गरोदर आहात का? सहाही वेळा तुझ्या गोल अक्षरात "नाही". आणि मी मूर्ख, दोन चमचे साध्या तेलात देवदाराचे तीन थेंब घालून तुझी कंबर चोळत बसले. लाकडातून काढलेलं म्हणून ते निरुपद्रवी नसतं, पोटुशी बाईला मी ते लावत नाही, हे तू माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलंयस.

"ताईला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला. आईला माहीत होतं. तुझ्या शेजारणीलाही.

माझी दोन गेली तेव्हा उशाशी तूच होतीस. वाईट वाटलंच असतं गं. एक दिवस दार लावून रडले असते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे धावत आले असते. पण माझ्या हातून तुझ्या बाळाला काही झालं असतं तर? तिसरं माझ्याच हातून गेलं, असंच मी जन्मभर म्हटलं असतं. एवढा साधा विचार तुझ्या मनात आला नाही?

तुझ्या डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला, नाव न सांगता. इतक्या पातळ तेलाने बहुधा काही होत नाही, पण आता बंद करा, म्हणाल्या. तरी तू स्वतः त्यांना सगळं सांग. खरं सांग.

ती सहा कार्डं सोबत पाठवतेय. खाली बघ, "विचारून खात्री केली" असं छापलंय आणि त्यापुढे माझी सही आहे. टॉवेल धुऊन ठेवलाय. नवऱ्याला पाठव, तू इतक्यात येऊ नकोस.

सहा वेळा खोटी सही केलेली,
तुझी ताई