अष्टमीची पंगत

धार

प्रिय उर्वी,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तुला हिंदी शाळेत घातलं तेव्हापासून माझं मराठी जोडाक्षर आलं की तू अडतेस. अडलीस तर फोन करू नकोस, पुन्हा वाच.

आपल्या देवीच्या देवळाचा खटला तू जिंकलीस, त्याला वर्ष होत आलं. बायकांना गाभाऱ्यात जाता यावं, एवढंच तू मागितलं होतंस आणि ते बरोबरच होतं. नैवेद्य आम्ही रांधायचा, उंबऱ्याशी पुरुषांच्या हाती द्यायचा आणि मागे सरायचं, हे मला लग्न होऊन आल्यापासून खुपत आलं आहे. पण कोर्टानं मागितल्याहून जास्त दिलं. धार आणि देवास, दोन्ही गावचे पंच घरी बसवले, त्यांच्या जागी सरकारी अधिकारी आणला आणि पंगतीत कोणी वाढायचं तेही त्यालाच ठरवायला सांगितलं. निकालात राष्ट्रीय एकतेवर चांगली दोन पानं आहेत. मी ती चष्मा पुसून वाचली.

आता पंगतीचं ऐक. अष्टमीला धारवाल्यांनी देवासवाल्यांना वाढायचं, मग त्यांनी आपल्याला. स्वतःच्या गावच्या पानात वाढायचं नाही. वर्षभराचे रुसवेफुगवे त्या वाढण्यात निघून जायचे. गेल्या अष्टमीला देवासहून कोणी फिरकलंच नाही. अधिकाऱ्यानं नेमलेले वाढपी उभे, भात निवत चाललेला आणि दाराशी पोलीस. तुझी नीतूवहिनी आणि चौघीजणी आत गेल्या, कौतुकच त्यांचं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि देवासची रिकामी पानं पाहून परत फिरले. घरी येऊन पोटभर रडले, कारण मला आत जायचं होतं गं.

तुझा गोपाळमामा देवासच्या पंचांचा म्होरक्या, त्यामुळे तो माझ्याशीही बोलेनासा झाला. शेवटी या राखीला मीच देवासला गेले. "ताई, घर का मामला था, जज साहेबांनी कशाला सांगावं? तू सांगितलं असतंस तर मानलं असतं," म्हणाला. मी म्हटलं, भिया, इतकी वर्षं कोण सांगत होतं मग? त्यावर त्यानं हात पुढे करून राखी बांधून घेतली. तू म्हणशील, कोर्टाचा बडगा दिसल्याशिवाय तो नरमला नसता. खरंच आहे ते. पण पानावर बसायला माणूस हुकमानं येत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. देवासवाले अपील करताहेत. गाभाऱ्याबद्दलचा निकाल जसाच्या तसा राहावा, फक्त अधिकारी आणि पंगतीबद्दलचा हुकूम रद्द व्हावा, एवढंच मागायचं ही माझी अट होती. यंदा गोपाळनं मला हाताला धरून आत न्यायचं, ही दुसरी. दोन्ही त्यानं कबूल केल्या, तेव्हा मी सही केली. कागद सोमवारी तुझ्याकडे पोचतील. त्यात विरुद्ध बाजूला पहिलं नाव तुझ्या आईचं आहे. ते तुला एखाद्या कारकुनाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तू तुझी बाजू जोरात मांड. आई म्हणून मला सूट दिलीस तर मात्र रागावेन.

तुझीच, फक्त कोर्टात नव्हे,
आई