कांड्यांची मजुरी

नागपूर,
२८ ऑक्टोबर १९७४

चि. रुपराव यास तुळजाताईचे अनेक आशीर्वाद.

उमरेडला तुम्ही सगळी बरी असाल. मी इथे कौसल्येच्या खोलीत मजेत आहे. लहानपणची मैत्रीण, भाडेसुद्धा घेत नाही. दसऱ्याला तिने पुरणपोळी केली, मी दोन खाल्ल्या. मग उगाच मला चोरी केल्यासारखे वाटत राहिले.

नोकरी मिळाली. रामदासपेठेत बायकांना विणकाम शिकवणारी एक संस्था आहे. तिथे सूत गुंडाळून कांड्या भरायला शिकवायचे. बारा वर्षे तुझ्या हातमागासाठी कांड्या भरल्या, ते कामी आले. तुझ्यावरचा माझा भार उतरला. त्यासाठीच तर घर सोडून आले होते.

मुलाखतीचे लिहायचे नव्हते, पण लिहिते. संस्थेच्या चंद्रभान साहेबांनी विचारले, "याआधी पगार किती होता?" मला हसूच आले. म्हटले, "पगार काह्याचा साहेब? मी विधवा बाई, भाऊ पोसत होता. त्याच्या कामाले हातभार लावत होती."

शेजारी बापूजी बसले होते. आपल्याला सूत आणि मजुरी देणाऱ्या गुलाबचंद शेठकडचे जुने मुनीम, आता या संस्थेत आहेत. ते म्हणाले, "काहून वं तुळजाबाई, कांड्यांची मजुरी मी वेगळी देत होतो नं. महिन्याले साठ रुपये. रुपरावच घेऊन जाये. म्हणे, बहिणीच्या हाती देतो."

रुपराव, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. साहेब काही बोलत होते, मला ऐकूच येईना. मला आपली चूल दिसत होती. तुमची जेवणे झाल्यावर टोपलीत भाकर उरायची, तरी मी एकीवर उठायची. खोकला महिनाभर अंगावर काढला, औषधाला तुझ्याजवळ पैसे मागायची लाज वाटली. भाऊबीजेला तू ताटात पाच रुपये टाकायचास आणि मी आत जाऊन डोळे पुसायची, इतक्या तंगीत भावाने एवढे केले म्हणून.

चार दिवस झाले, अजून खरे वाटत नाही. राग यायला हवा, तोही धड येत नाही. मागितले असतेस तर सगळे तुलाच दिले असते रे. फक्त एकदा म्हणायचे होतेस, ताई, हे तुझे आहेत.

साहेबांनी पुन्हा विचारले, "मग काय लिहू?" बापूजी खाली पाहत होते. मी म्हटले, "साठ लिहा." आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही. त्यांनी महिना नव्वद रुपयांवर ठेवले.

भाऊबीजेला येते. तुला ओवाळीन, त्यात खंड पडणार नाही. तू ओवाळणी काही घालू नकोस. तुझ्या पार्वतीला मात्र सांगून ठेव, माझे ताट तुझ्या शेजारी मांडायचे आणि दुसरी भाकर न विचारता वाढायची. माझे जेवण होईपर्यंत तू उठू नकोस.

पोरांना पापा.

बारा वर्षे स्वतःच्याच घासाला लाजलेली,
तुझी तुळजाताई