ईराचा भागाकार

डार्मश्टाट, मंगळवार संध्याकाळ

पुण्यात नऊ वर्षं गणित शिकवलं, तरी इथे शिक्षिका व्हायला दुसरा विषयही लागतो. म्हणजे आधी जर्मनचा क्लास, मग त्या विषयासाठी युनिव्हर्सिटी. जेवताना सगळा प्लॅन सांगितला. ईरा, माझी दहा वर्षांची लेक, जर्मनमध्ये म्हणाली, "माझ्या शाळेत नको हं. तू साधा भागाकारसुद्धा चुकीचा मांडतेस." चुकीचा? आपल्याकडे तसाच मांडतात. नवरा हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

नंतर ईराच गणिताची वही घेऊन आली. उद्या तिची टेस्ट आहे. भागाकाराचं उत्तर साफ चुकलं होतं, मला लांबूनच दिसलं. "आई, बरोबर आहे ना?" चक्क मराठीत विचारलं.

"अगदी बरोबर," म्हटलं, आणि वही मिटून तिच्या हातात दिली.